पुलावरचं नाव कोणाचं? मृणालताई, आमच्या आई आणि पाचवीतलं एक पान

सोनटक्का

नमस्कार मंडळी. आम्ही गोरेगाव पूर्वेला राहतो. लेक पाचवीत आहे. तिला क्लासला सोडताना आठवड्यातून तीनदा तरी मृणालताई गोरे उड्डाणपुलावरून जाणं होतं. परवा मोबाइलवरच्या नकाशातल्या बाईने त्या नावाचा नेहमीसारखाच चुराडा केला आणि मागच्या सीटवरून प्रश्न आला, "आई, ही कुठली राणी होती?"

मी म्हटलं, राणी नाही गं, पाणीवाली बाई. तर म्हणे, "म्हणजे टँकरवाली?"

सिग्नल सुटला म्हणून तेवढ्यावर निभावलं. पण आता शाळेत 'आपल्या परिसरातील एक व्यक्ती' असा प्रकल्प दिलाय. एक पान, स्वतःच्या शब्दांत. तिने हेच नाव घेतलंय. माहितीची तक्ती मला जमेल: जन्म २४ जून १९२८, निधन १७ जुलै २०१२, नगरसेविका, आमदार, खासदार. पण दहा वर्षांच्या मुलीला त्यातून बाई दिसणार नाही हो.

आणखी एक. माझ्या सासूबाई महागाईविरुद्ध निघालेल्या १९७२ च्या लाटणे मोर्चात होत्या. हे मला लग्नानंतर चौदा वर्षांनी, म्हणजे गेल्या रविवारी कळलं, आणि तेही लेकीने नाव काढलं म्हणून. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, शिफ्टची नोकरी, पदरात दोन मुलं, घरात सासू-सासरे. "त्यात काय सांगायचं, सगळ्याच गेल्या होत्या" एवढं बोलून त्यांनी विषय संपवला.

तर प्रश्न असा की अशा बाईचं आयुष्य एका पानात कसं लिहायचं? आणि ज्या "त्यात काय सांगायचं" म्हणतात त्यांना बोलतं कसं करायचं?

चाळकरी

टँकरवाली! तिला सांगा, टँकर लागू नये म्हणून भांडणारी.

आमचं सगळं बालपण गोरेगावातलं. गोरेगाव १९५७ साली मुंबई महापालिकेत आलं, त्याआधी तिथे ग्रामपंचायत होती हे आज कोणाला खरं वाटत नाही. वस्ती वाढली, पाणी वाढलं नाही. माझी आजी पहाटे तीनला उठून हंडा-कळशी रांगेत लावायची आणि स्वतः घरी येऊन पुन्हा आडवी व्हायची. हंडा तिचा नंबर राखायचा. तिच्या हंड्याच्या गळ्याशी लाल चिंधी बांधलेली असायची, ओळखू यावा म्हणून. मृणालताई १९६१ साली महापालिकेत निवडून गेल्या आणि हा हंडा त्यांनी सभागृहात नेला असं आजी म्हणायची. खरोखरचा नेला की बोलण्यातून नेला हे मी कधी विचारलं नाही. आजीच्या लेखी फरक नव्हता.

मुलीला चिंधीचा हंडा सांगा. तिला बाई दिसेल.

खमंग

चिंधीचा हंडा!! आमच्याकडे हिरवी होती.

टिपण

थोडी भर घालतो, पानात उपयोगी पडेल.

मृणालताई माहेरच्या मोहिले. वैद्यकीय शिक्षण घेत होत्या, हुशार होत्या, डॉक्टर होणं हातात होतं. राष्ट्र सेवा दलाच्या कामासाठी ते मध्येच सोडलं. १९४८ साली सेवा दलातल्याच केशव गोरे यांच्याशी लग्न, तेही आंतरजातीय. केशवरावांना सगळे बंडू गोरे म्हणत. १९५८ साली ते गेले. मृणालताई तेव्हा तिशीत, पदरी लहान मुलगी. तिथून पुढे तीन वर्षांत त्या महापालिकेत आहेत. ही तीन वर्षं मला सगळ्यात मोठी वाटतात. निवडणुका, मोर्चे, आणीबाणीतली अटक हे सगळं नंतरचं. त्या तीन वर्षांत त्यांनी घर कसं उभं ठेवलं असेल, रोज सकाळी उठून वस्तीत कशा गेल्या असतील, ते मनात येत राहतं.

नवऱ्याच्या नावाने केशव गोरे स्मारक ट्रस्ट उभा राहिला. आरे रोडवर गोरेगाव पश्चिमेला त्यांची वास्तू आहे. लेकीला घेऊन तिथे जाऊन या. तुमच्यापासून पूल ओलांडला की आलंच.

रोखठोक

सगळ्यांचं वाचतोय. आदर आहे, आधीच सांगतो. पण एक बाजू कोणी लिहीत नाही, ती लिहितो.

माझी आई शिक्षिका. शाळा सुटली की वस्तीतल्या बायकांचा साक्षरतेचा वर्ग, रविवारी शिबिर, कोणाच्या घरात मारहाण झाली की रात्री-अपरात्री चप्पल घालून बाहेर. गावात तिला मान होता, अजून आहे. आम्ही दोघं भाऊ शेजारच्या काकूंकडे वाढलो. माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी आई कुठल्याशा बाईला घेऊन तालुक्याला गेली होती. पेढे काकूंनी आणले.

तिच्या सत्काराला मी भाषण केलं, "आईने समाजाला कुटुंब मानलं" वगैरे. टाळ्या पडल्या. खाली बसलो तेव्हा मला काकूंचा चेहरा दिसत होता, त्या मागच्या रांगेत होत्या. त्यांचं नाव मी भाषणात घेतलं नव्हतं.

म्हणून म्हणतो, बाईने घर, नोकरी, समाज सगळं 'लीलया' सांभाळलं असं त्या मुलीला शिकवू नका. लीलया काही होत नाही. कुणीतरी ते उचलत असतं.

पानगळ

@रोखठोक, हाच प्रश्न पुरुष कार्यकर्त्याच्या मुलाने विचारलेला मी अजून ऐकलेला नाही. वडील महिना-महिना दौऱ्यावर असले की ते थोर, आणि आई एक दिवस तालुक्याला गेली तर पेढ्यांचा हिशेब?

रोखठोक

@पानगळ, माझे वडील दौऱ्यावर असते तर तेही लिहिलं असतं. ते घरीच होते, आणि त्यांना पेढे आणायचं सुचलं नाही. तेही तितकंच लागलं होतं.

पानगळ

हे मात्र खरं. मान्य.

माणदेशी

मी सहसा फक्त वाचत असतो. आज लिवतोच.

माझी आत्या जिल्हा परिषदेत नर्स. माण तालुक्यात उपकेंद्रावर सगळी नोकरी गेली. नर्सबाई. गावाला तिचं नावच ठाऊक नव्हतं, पत्रंसुद्धा 'नर्सबाई, मु. पो.' अशी यायची आणि बरोबर पोचायची. नवरा लवकर गेला, दोन मुलं, सासू अंथरुणाला. पाच गावं अन् वाड्यावस्त्या तिच्याकडं. एसटी नसली की चालत. लशीचा डबा खांद्याला, आत बर्फाच्या पिशव्या. बर्फ वितळायच्या आत शेवटची वस्ती गाठायची, म्हणून ती कुणाकडं चहालासुद्धा थांबायची न्हाई. लोक म्हणायचे नर्सबाईला लई माज. माज कसला, बर्फ.

आमच्याकडं तेव्हा नारू होता. आताच्या पोरांना नारू म्हंजे काय ते सांगावं लागतं. पायविहिरीत लोक पाय बुडवून पाणी भरायचे. त्या पाण्यातनं नारू पोटात जायचा अन् वर्षभरानं पायातनं दोरीसारखा बाहेर निघायचा. काडीला गुंडाळून रोज इंचभर ओढायचा, तुटला तर पाय सुजून माणूस महिनाभर आडवा. ऐन पेरणीत. आत्या घरोघरी जाऊन सांगायची, दुहेरी फडक्यानं पाणी गाळा. नुस्तं सांगून कोण ऐकतंय? मग तिनं स्वतःची जुनी लुगडी फाडून फडकी वाटली. कुणाच्या घरी गेली की आधी रांजणाचं तोंड बघायची, फडकं बांधलंय का. नसलं की बोलायची न्हाई, पिशवीतनं काढून बांधायची अन् पुढं जायची.

सन २००० ला भारत नारूमुक्त जाहीर झाला. मी तिला पेपर वाचून दाखवला. तिनं विचारलं, "आपल्या तालुक्याचं नाव आलंय का?" नव्हतं.

ती गेली तेव्हा एका पेपरात चार ओळी आल्या, 'अमुक यांच्या मातोश्री. प्रेमळ व धार्मिक स्वभावाच्या होत्या.' धार्मिक! आत्यानं सणाला कधी सुट्टी घेतली न्हाई. सोनटक्का ताई, तुमच्या पानात प्रेमळ अन् धार्मिक एवढं सोडून काय बी लिवा.

चाळकरी

माणदेशी, "माज कसला, बर्फ" वाचून दोन मिनिटं फोन खाली ठेवला.

खमंग

लुगडी फाडून. अहो माणदेशी, हा स्वतंत्र धागा काढा. मनापासून सांगतेय.

पेठेतली

माणदेशींच्या आत्यावरून रमाबाई रानडे आठवल्या. विषय थोडा लांब जातोय, पण जाऊ द्या, नातं आहे.

बाईने नर्स होणं आज आपल्याला साधं वाटतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पांढरपेशा घरातल्या विधवेने रुग्णालयात परपुरुषाला हात लावायचा म्हणजे केवढा गहजब! रमाबाईंनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढलं आणि तिथल्या बायकांना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवलं. टीका झाली, शिव्या बसल्या. बाई हटल्या नाहीत. आत्यांच्या खांद्यावरचा डबा त्या वाटेनेच आलाय.

आणि त्यांचं स्वतःचं आयुष्य? देवराष्ट्र्याची मुलगी. अकराव्या वर्षी लग्न, नवरा एकतीस-बत्तीसचा विधुर, न्यायमूर्ती रानडे. नवरा शिकवायला बसला की घरातल्या बाया टोमणे मारणार, वाळीत टाकल्यासारखं वागणार. हिने वरच्या मजल्यावर इंग्रजी शिकायचं आणि खाली येऊन मुकाट्याने भाजी चिरायची. १९०१ साली न्यायमूर्ती गेले. आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम त्यांनी त्यानंतरच्या तेवीस वर्षांत केलं.

त्यांनी आठवणींचं पुस्तक लिहिलं, १९१० साली आलं. ते मुख्यतः नवऱ्याबद्दल आहे. स्वतःचं कर्तृत्व त्यात शोधावं लागतं. मला त्यातला संयम आवडतो आणि त्याच संयमाचा रागही येतो. तुमच्या सासूबाईंचं "त्यात काय सांगायचं" हे त्याच कुळातलं. ते विनयाने येतं, पण पुढच्या पिढीचं त्याने नुकसान होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

जांभा

लाटणे मोर्च्याबद्दल एक शंका. वाद म्हणून नाही, खरंच जाणून घ्यायचंय. थाळ्या-लाटणी वाजवून महागाई कमी झाली का? आमच्या वडिलांचं म्हणणं असायचं की फोटो चांगले येतात एवढंच.

टिपण

@जांभा, रास्त प्रश्न.

१९७२ आठवा. दुष्काळ. रेशनवर गहू-तांदूळ अपुरा, रॉकेल गायब, खाद्यतेल गायब, साखर गायब. काळ्या बाजारात मात्र सगळं हजर. लाल मायलो ज्वारी खाऊन लोकांनी दिवस काढले. तेव्हा महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती झाली. 'संयुक्त' हा शब्द महत्त्वाचा. मृणालताई समाजवादी, अहिल्याताई रांगणेकर मार्क्सवादी, तारा रेड्डी कम्युनिस्ट. एरवी यांच्या पक्षांचं एकमेकांशी पटत नव्हतं. तेल आणि रॉकेल यावर बाया एकत्र आल्या आणि १९७५ ला आणीबाणी लागेपर्यंत एकत्र राहिल्या.

त्या नुसत्या वाजवत बसल्या नाहीत. साठा कुठे दडवलाय त्याचा माग काढायच्या, मंत्र्यांना-अधिकाऱ्यांना घेराव घालायच्या, रेशन दुकानावर काय आलं आणि काय वाटलं याची विचारणा करायच्या. देशाची महागाई त्यांनी खाली आणली असं कोणी म्हणणार नाही. पण ज्या बाईने आयुष्यात दुकानदाराला उलट प्रश्न केला नव्हता, ती रेशनचा फलक वाचायला शिकली. माझ्या मते हा त्या मोर्च्यांचा पक्का जमाखर्च आहे.

जांभा

धन्यवाद. समितीत इतक्या पक्षांच्या बाया होत्या हे माहीत नव्हतं. वडिलांना वाचून दाखवतो, बघू काय म्हणतात.

दिंडोशीवासी

मी ज्या खोलीत बसून हे टाइप करतोय ती मृणालताईंमुळे आहे.

बाबा छापखान्यात कंपोझिटर. शिशाचे खिळे जुळवण्यात आयुष्य गेलं. आम्ही पाचजण एका खोलीत, मोरी घरातच, त्या मोरीच्या कठड्यावर माझा अभ्यास. मुंबईत स्वतःचं घर हा विषय आमच्याकडे कोणी काढतच नसे. मृणालताईंच्या नागरी निवारा परिषदेचा घरासाठीचा अर्ज आईने भरला. बाबा म्हणाले, पैसे बुडतील. आईने मंगळसूत्राच्या वाट्या ठेवून गळ्यातली साखळी मोडली.

कमाल जमीन धारणेचा कायदा १९७६ चा. जादा ठरलेली जमीन सरकारने सामान्यांच्या घरांना द्यायची होती. कागदावर सगळं होतं, जमीन हलत नव्हती. मृणालताई, बाबूराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रकरण कोर्टापर्यंत नेलं, वर्षानुवर्षं चिकाटीने लढले. दिंडोशीला सहा हजारांवर घरं झाली. पक्षाचं कार्ड कोणी विचारलं नाही, पागडी कोणी मागितली नाही.

मृणालताई एकदा काम चालू असताना आल्या होत्या. मी बारा-तेरा वर्षांचा असेन. साधी सुती साडी, खांद्याला शबनम. बाबांना त्यांनी विचारलं, "स्वयंपाकघराच्या खिडकीतून वारा येतो का हो?" बाबा गांगरले. आई पुढे होऊन म्हणाली, "येतो." "मग झालं," म्हणाल्या आणि पुढच्या इमारतीकडे वळल्या. आई अजून त्या खिडकीला 'ताईंची खिडकी' म्हणते. ग्रिल बसवायचं कित्येक वर्षं तिने होऊ दिलं नाही.

खमंग

आज या धाग्याने रडवायचं ठरवलंय का?

सोनटक्का

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं येईल असं वाटलं नव्हतं. दिंडोशीवासी, तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

@रोखठोक, तुमचं वाचून मी जरा गप्प झाले. सासूबाई मोर्च्याला गेल्या तेव्हा माझे यजमान तीन वर्षांचे होते. त्यांना कोणी सांभाळलं हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. विचारते.

@पेठेतली, 'नुकसान' हा शब्द आईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "बरोबर बोलतात त्या बाई. पण आमच्याकडे बसून ऐकणारं कोण होतं?" यावर माझ्याजवळ उत्तर नाही.

पेठेतली

माझ्याजवळही नाही. आईंना माझा नमस्कार.

कोरा_कागद

बोलतं कसं करायचं यावर माझा अनुभव. "तुमच्या आठवणी सांगा" असं कधी म्हणू नका. लगेच भाषण सुरू होतं नाहीतर "काही नाही गं" येतं. वस्तू हातात द्या. माझ्या आईला मी तिचं जुनं रेशन कार्ड दिलं होतं. एकेका खुणेवर बोट ठेवून दीड तास बोलली. कोणत्या महिन्यात साखर मिळाली नाही, कोणाच्या लग्नासाठी जास्तीची मागितली होती, सगळं. बोलता बोलता भाजी निवडायला द्या. हात कामात असले की तोंड मोकळं होतं. आणि फोन समोर धरून रेकॉर्डिंग करू नका, बाजूला पालथा ठेवा. सांगून मात्र ठेवा, चोरून नको.

सुरंगी

भाजी निवडायची युक्ती शंभर टक्के. आमच्या आजीकडून घराण्याचा अख्खा इतिहास मी वालाच्या बिरड्या सोलताना काढून घेतलाय.

पानगळ

एका गोष्टीकडे लक्ष वेधते. सगळीकडे 'पाणीवाली बाई' येतं. १९७७ ला मृणालताई लोकसभेवर निवडून गेल्या आणि इंदिराबाई पडल्या, तेव्हाची "पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में" ही घोषणाही सगळ्यांना पाठ असते. अहिल्याताईही त्याच वर्षी मुंबईतूनच खासदार झाल्या, हे मात्र फारसं कोणाला आठवत नाही.

पण माझ्या दृष्टीने मृणालताईंचं एक काम पाण्याच्या बरोबरीचं आहे. १९८० च्या दशकात गर्भजल परीक्षा करून मुली पाडायचं पेव फुटलं होतं, त्याच्या उघड जाहिराती असायच्या. मृणालताईंनी १९८६ साली त्यावर बंदीसाठी विधानसभेत खासगी विधेयक आणलं. बाहेर स्त्री संघटना आणि डॉक्टर मंडळी लढत होतीच. १९८८ साली महाराष्ट्राने कायदा केला, असा कायदा करणारं पहिलं राज्य. केंद्राचा त्यानंतर, १९९४ ला. डॉक्टरकी अर्धवट सोडलेल्या बाईने हे केलं, याची मला नेहमी गंमत वाटते.

पाचवीतल्या मुलीला हे सांगायचं का, हा प्रश्न आहे. मी म्हणेन सांगा. "मुलगी आहे म्हणून जन्मच नाकारायचा नाही, असा कायदा व्हावा म्हणून ही बाई भांडली." एवढं तिला कळेल.

रोखठोक

कालपासून मनात होतं, लिहून टाकतो.

आमच्या घरी दाराच्या मागे खिळ्याला एक पाटी असायची. दगडी पाटी, लाकडी चौकटीची. आई बाहेर जाताना त्यावर लिहून जायची. "भात झाकलाय. दूध तापव, उतू घालवू नको. धाकट्याचं नख वाढलंय, काप." सही म्हणून शेवटी 'आई' नाही, वेळ लिहायची. सात वाजता येते. कधी साडेसातला यायची, कधी नऊला. पण वेळ लिहिली नाही असं एकदाही झालं नाही.

चाळीस वर्षं मला वाटत होतं की ती घरात नसायची. हा धागा वाचून काल रात्री ती पाटी आठवली, आणि धाकट्याचं नख आठवलं. वस्तीत, वर्गात, कोणाच्या भांडणात असताना तिच्या डोक्यात धाकट्याचं नख होतं.

काकूंना आज फोन केला. भाषणात नाव घ्यायचं राहिलं म्हणून बारा वर्षांनी सांगितलं. त्या म्हणाल्या, "अरे, मी तुझ्या आईच्या वर्गातच लिहायला शिकले. माझं नाव कशाला घ्यायचं?" हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. आईने नाही, काकूंनीही नाही.

पानगळ

रोखठोक, परवाच्या माझ्या फटकळ बोलण्याबद्दल माफ करा.

रोखठोक

अहो, नाही नाही. तुम्ही बोललात म्हणूनच पुढचं सुचलं.

माणदेशी

काकूंचा फोन वाचला अन् आत्याच्या पोरीला मी पण फोन केला. आत्याची खाकी रजिस्टरं तिच्याकडं पेटीत हायत. मागच्या पानांवर आत्यानं पेन्सिलीनं हिशेब लिवलाय. कुठल्या वस्तीवर किती फडकी दिली. शेवटच्या पानावर 'लुगडी संपली' एवढंच. फोटो पाठव म्हणलंय.

टिपण

माणदेशी, ती रजिस्टरं जपून ठेवायला सांगा. कापूर किंवा कडुनिंबाचा पाला ठेवा, कोरड्या जागी, प्लॅस्टिकच्या पिशवीत मात्र घालू नका. जिल्ह्याच्या आरोग्याचा इतिहास लिहिणाऱ्याला हे सोन्यासारखं आहे.

आणि एक. मृणालताईंची जन्मशताब्दी २०२८ ला येते. लाटणे मोर्च्याला गेलेल्या बाया आता ऐंशीच्या पुढच्या आहेत. ज्यांच्या ज्यांच्या घरात आहेत त्यांनी शताब्दीची वाट बघू नका.

सोनटक्का

अपडेट. कोरा_कागद यांचा सल्ला मानला. रविवारी आईंच्या हातात लाटणं दिलं आणि समोर मेथीची जुडी ठेवली.

लाटणं हातात घेऊन त्या आधी हसल्या. म्हणाल्या, "हे नाही. ते शिसवी होतं, जड. याने काय आवाज होतो?" मग तासभर बोलत होत्या. सकाळची शिफ्ट करून फोर्टातूनच त्या थेट मोर्च्याला गेल्या. लाटणं सकाळीच पर्समध्ये घातलं होतं आणि दिवसभर बोर्डासमोर बसून ट्रंक कॉल जोडताना ते पायाशी पर्समध्ये होतं. ऑफिसात कोणाला सांगितलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत डबा काढताना शेजारच्या खुर्चीवरच्या बाईला पर्समधलं लाटणं दिसलं. ती काही बोलली नाही. आपली पर्स उघडून दाखवली. तिच्यातही होतं.

आजेसासूबाईंचा मोर्च्याला विरोध होता. पण यजमानांना त्या दिवशी त्यांनीच सांभाळलं, कुरकुरत. आणि तेल मिळालं का, हे दारात पहिल्यांदा त्यांनीच विचारलं.

लेक जमिनीवर बसून ऐकत होती. पान तिने तिचं तिनेच लिहिलं. तिच्या परवानगीने इथे देते, शुद्धलेखन तेवढं सुधारलंय:

"आमच्या घराजवळच्या पुलाला मृणालताई गोरे यांचं नाव आहे. त्या डॉक्टर होणार होत्या, पण झाल्या नाहीत. त्यांनी गोरेगावला पाणी आणलं. तेव्हा बायका हंड्याला चिंधी बांधून रांगेत ठेवत असत. मुलींना जन्माला येऊ द्या असा कायदा व्हावा म्हणून त्या भांडल्या. त्यांनी लोकांना घरं दिली आणि खिडकीतून वारा येतो का ते विचारलं. १९७२ साली तेल मिळत नव्हतं म्हणून त्यांनी मोर्चा काढला. त्यात माझी आजी होती. तिच्या पर्समध्ये लाटणं होतं. घरी आल्यावर आजीने त्याच लाटण्याने पोळ्या केल्या. मी विचारलं, तू दमली नव्हतीस का? आजी म्हणाली, दमले होते, पण भाजी शेजारच्या काकूंनी दिली होती."

रोखठोक

काकू आल्या! लेकीला शाबासकी सांगा.

दिंडोशीवासी

खिडकीचं वाक्य आईला दाखवलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं तिने.

खमंग

कुठली भाजी, ते विचारलंत का?

सोनटक्का

विचारलं. लाल भोपळ्याची. तेल नव्हतं म्हणून नुसती वाफवलेली.